माझ्यासमोर झालेली तीन भाषणं

मी माइक बोलतोय. दचकू नका. आजवर मी दुसऱ्यांचंच बोलणं मोठं करून सांगत आलो, त्यात माझं स्वतःचं एक अक्षरही नव्हतं. आता मला तोंडाजवळ धरून भाषण करणारं कोणी उरलं नाही, म्हणून जरा उसंत मिळाली आहे. तेवढ्यात माझंही सांगून टाकतो.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. तिथे बायका ओळीने टेबलांपाशी बसून बारीक तारा जोडत. माझी तार जोडणाऱ्या बाईला त्या दिवशी सर्दी झाली होती. काम संपल्यावर तपासणीसाठी तिने मला तोंडाजवळ धरलं आणि 'हॅलो' म्हणायचं सोडून म्हणाली, "झालं बाई एकदाचं." माझ्या जाळीतून आत गेलेले हे पहिले शब्द. त्यात कुठे 'मी' नव्हतं, कुठे 'माझं' नव्हतं. पुढे मला इतकं साधं वाक्य क्वचितच ऐकायला मिळालं.

एका बॅटरीच्या कारखान्यातल्या कामगार संघटनेने मला विकत घेतलं. कँटीनला लागून त्यांचा हॉल होता. तिथल्या लोखंडी कपाटात माझी जागा. कपाटाची किल्ली संघटनेच्या शिपाईकाकांकडे. ते मला जुन्या गंजिफ्रॉकच्या तुकड्यात गुंडाळून ठेवत आणि बाहेर काढताना आधी त्याच तुकड्याने पुसत. माझ्याशी इतक्या मायेने कोणी वागलं नाही.

माणसं माझ्यासमोर आली की काय करतात ते सांगतो. आधी माझ्या डोक्यावर टिचक्या मारतात, आत कोणी आहे का विचारल्यासारखं. मग फुंकर मारतात. मग म्हणतात, "मी तुमचा फार वेळ घेणार नाही." असं म्हणणाराच सगळ्यात जास्त वेळ घेतो, हे मला दुसऱ्याच सभेत कळलं. मी माणसांना चेहऱ्यावरून नाही, श्वासावरून ओळखतो. खोटं बोलणाऱ्याचा श्वास वाक्याच्या मधेच तुटतो. शिवाय मला एक खोड लागली होती. कोण किती वेळा 'मी' म्हणतो ते मी मोजत असे. एका म्हाताऱ्या टर्नरच्या निरोप समारंभात आमच्या अध्यक्षांनी टर्नरचं नाव दोनदा घेतलं आणि 'मी' चौसष्ट वेळा म्हणाले. निरोप टर्नरचा होता, चरित्र अध्यक्षांचं झालं. टर्नर बिचारा टाळ्या वाजवत होता.

आता कारखान्याबद्दल सांगायला हवं. तिथे दोनशे चाळीस माणसं कामाला. त्यांतली वीस जणं शिशाच्या खात्यात. बॅटरीच्या आत ज्या शिशाच्या पट्ट्या असतात त्या तिथे बनत. त्या खात्यात सतत राखाडी धूळ उडे. ती नाकात जाई, नखांत बसे, जिभेवर गोडसर चव ठेवून जाई. काही वर्षं तिथे काढलेल्या माणसाच्या पोटात कळा येत, चेहरा पांढुरका पडे, आणि मग हळूहळू मनगटातला जोर जाई. धूळ शोषून घेणारं यंत्र असतं म्हणे. व्यवस्थापन दरवर्षी सांगे की यंत्र मागवलं आहे.

शिशाच्या खात्याला एक दार होतं आणि ते कायम बंद असे. बाकीचे लोक त्या दारावरून जाताना श्वास रोखून धरत. ही सवय इतकी जुनी होती की आपण श्वास रोखतो हे कोणाच्या ध्यानातही येत नसे. कँटीनमध्ये शिशाच्या खात्यातली माणसं कोपऱ्यातल्या टेबलावर बसत. तिथे बसा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बाकीच्या टेबलांवर त्यांच्यासाठी जागाच नसे, इतकंच.

संघटना दरवर्षी व्यवस्थापनाकडे मागण्या पाठवी. ती यादी माझ्यावरून वाचली जाई, म्हणून मला तोंडपाठ होती. हॉलला नवे पंखे, पावसाळी बूट, कामावर यायला बस, सणावाराची सुटी. सगळ्यात शेवटी, नवव्या क्रमांकावर, धूळ शोषणारं यंत्र. बोलणी व्हायची, काही मागण्या मान्य व्हायच्या, काही सोडून द्याव्या लागायच्या. दरवर्षी सोडून दिलेली मागणी नववीच असायची. एकमताने. वीस जणांसाठी दोनशे वीस जणांनी काय म्हणून अडून बसायचं, असं कोणी मोठ्याने म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही.

शिशाच्या खात्यात एक पैलवान होता. तरुणपणी कुस्त्या खेळायचा म्हणून हे नाव. दहा वर्षांत एकही खाडा नाही, म्हणून त्याला हजेरीचं बक्षीस द्यायचं ठरलं. तो स्टेजवर आला. दोन शब्द बोल म्हणून अध्यक्षांनी मला त्याच्या उजव्या हातात दिलं. त्याने मला धरलं, आणि मला कळलं की ही पकड नाही. बोटं माझ्याभोवती होती, पण मनगट खाली लोंबत होतं, वाळलेल्या फांदीसारखं. मी निसटलो आणि स्टेजवर आपटलो. हॉलभर घूं असा आवाज घुमला. लोक पोट धरून हसले. कोणीतरी म्हणालं, पैलवानाला बघून माइकने अंग टाकलं. पैलवानही हसला. वाकून त्याने मला डाव्या हाताने उचललं आणि दोन शब्द न बोलता अध्यक्षांकडे दिलं.

दुसऱ्या रांगेत एकच माणूस हसत नव्हता. त्याला सगळे गुरुजी म्हणत. तो काही शिक्षक नव्हता, पॅकिंगमध्ये खोक्यांवर लेबलं चिकटवायचा. पण नोटीसबोर्डावर काही चुकीचं लिहिलेलं दिसलं की खिशातली लाल पेन्सिल काढून दुरुस्त करायचा, म्हणून गुरुजी. पैलवानाची थोरली बहीण त्याची बायको. म्हणजे पैलवान त्याचा मेहुणा. अठरा वर्षं दोघे एकाच फाटकातून आत येत. आत आल्यावर एक डावीकडे लेबलांकडे जाई, दुसरा उजवीकडे शिशाकडे.

गुरुजींचं पहिलं भाषण पुढच्या मासिक सभेत झालं. त्यांना बोलायला मिळालं अगदी शेवटी, लोक बाकाखाली चपला शोधत होते तेव्हा. त्यांनी मला इतकं घट्ट धरलं की माझी जाळी करकरली. आणि त्यांनी झोडपायला सुरुवात केली. तुम्ही स्वार्थी आहात, तुम्हाला तुमच्या पंख्यापलीकडे काही दिसत नाही, तुमच्या डोळ्यांदेखत माणसं लुळी पडतात आणि तुम्ही हसता. शब्द खरे होते. पण मी हॉलचा आवाजही ऐकत होतो. पहिल्या मिनिटाला शांतता होती, दुसऱ्या मिनिटाला खुर्च्या सरकू लागल्या, तिसऱ्याला लोक आपसात बोलू लागले. शिवी बसली की माणूस आपण शिवीला लायक आहोत का याचा विचार करत नाही. शिवी देणारा कोण मोठा लागून गेला, याचा करतो.

मग मागून एक माणूस उठला. चार्जिंग खात्यातला. तोंडाने फटकळ, कोणाशी गोड बोलणं माहीत नाही, म्हणून त्याला खडूस म्हणत. त्याला माझी गरज नव्हती, आवाजच तेवढा होता.

"गुरुजी, अठरा वर्षांत हे आजच कसं आठवलं? मेहुण्याचा हात पडल्यावर?"

हॉल हसला. गुरुजींचा श्वास माझ्यावर आला तो वरच्यावरचा, भाजलेल्या माणसासारखा. मला टेबलावर ठेवून ते खाली उतरले.

मला वाटलं, संपलं. पण आठवड्याभराने संध्याकाळी, दिवसपाळी सुटल्यावर, ते शिपाईकाकांकडे आले आणि माइक जरा लावून द्याल का म्हणाले. हॉल रिकामा. काका बाकावर चहाचा कप घेऊन बसले. गुरुजी त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलू लागले. पाच मिनिटांनी काकांनी कप खाली ठेवला.

"गुरुजी, तुम्ही सारखं 'तुम्ही' म्हणताय. एकदा 'आपण' म्हणून बघा."

गुरुजी थबकले. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाले. आपण श्वास रोखून त्या दारावरून जातो. आपण नववी मागणी सोडतो. आपण हसलो. प्रत्येक 'आपण'बरोबर त्यांचा आवाज खाली येत गेला. 'तुम्ही' म्हणताना माणूस बोट दाखवतो, 'आपण' म्हणताना त्याला ते बोट स्वतःकडेही वळवावं लागतं. ते करणं जड जातं, हे मला त्यांच्या श्वासातून कळत होतं.

चार संध्याकाळी ही तालीम चालली. गुरुजी वाक्यं करत आणि टाकून देत. जे वाक्य ऐकायला फार सुंदर वाटे ते आधी टाकत. एकदा त्यांनी पैलवानाबद्दल असं काही सांगितलं की काकांनी डोळे पुसले. पण लगेच म्हणाले, रडू येतं हो, पण रडून झाल्यावर करायचं काय ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजी कागदावर आकडेमोड करून आले.

दुसरं भाषण सुटीच्या दिवशी सकाळी झालं. खास सभा होती. अध्यक्षांनी परवानगी दिली, कारण नाही म्हटलं असतं तर वाईट दिसलं असतं. हॉल भरला होता. गुरुजींनी माझ्यावर टिचकी मारली नाही की फुंकर मारली नाही. सुरुवातच त्यांनी खडूसच्या प्रश्नापासून केली.

"मागच्या सभेत मला विचारलं गेलं, मेहुण्याचा हात पडल्यावरच का आठवलं. उत्तर आहे, होय. त्या आधी जे हात पडले ते दुसऱ्यांच्या मेहुण्यांचे होते. मी लेबलं चिकटवत होतो. मी तुमच्याहून चांगला नाही, म्हणूनच तुमच्याशी बोलायला उभा आहे."

मग ते पैलवानाबद्दल बोलले. फार नाही. इतकंच, की सकाळी त्याच्या सदऱ्याची बटणं त्याची बायको लावून देते, आणि तो त्या वेळी खिडकीबाहेर बघतो. मग त्यांनी विचारलं, गेल्या वीस वर्षांत शिशाच्या खात्यातून धडधाकट निवृत्त झालेला एक माणूस कोणाला आठवतो का. ते थांबले. खरोखर थांबले, उत्तराची वाट बघत. कोणालाच आठवला नाही.

मग हिशेब. आपण दोनशे चाळीस. तिथे एका वेळी वीस लागतात. ज्यांचे हात गेले त्यांना वगळलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातला महिना-सव्वा महिना येतो. महिन्याभराची धूळ शरीर सोसून टाकतं, अठरा वर्षांची टाकत नाही. काम शिकायला चार दिवस लागतात, जुनी माणसं शिकवतील. आणि खरी गोष्ट पुढेच. आज ती धूळ वीस जणांची आहे म्हणून यंत्राची मागणी नववी आहे. ज्या दिवशी ती दोनशे चाळीस जणांच्या नाकात जाईल, त्या दिवशी ती पहिली मागणी होईल. वेगळी लढाई लढायची गरज नाही, फक्त आळीपाळीने त्या दारातून आत जायचं. असं म्हणून त्यांनी खिशातून तक्ता काढला. पहिल्या ओळीत पहिलं नाव त्यांचं स्वतःचं होतं.

मी अनेक टाळ्या ऐकल्या आहेत. अशा नाही. लोक उभे राहिले. पहिल्या रांगेतला स्टोअरकीपर रुमालात तोंड खुपसून रडत होता. अध्यक्षांनी गुरुजींना मिठी मारली तेव्हा मी दोघांच्या छातीमध्ये चेंगरलो. ठराव मांडला गेला, हात वर करा म्हटलं गेलं, आणि हॉलभर हातांचं रान उभं राहिलं. एकच हात खाली होता. खडूसचा. अध्यक्षांनी कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला की गुरुजींचं पटलं, पण मला जमेल की नाही ते माहीत नाही, माहीत नसताना हात कशाला वर करू. लोकांनी त्याची हुर्यो उडवली.

व्यवस्थापनाला काही फरक पडत नव्हता. पट्ट्या वेळेवर निघाल्या म्हणजे झालं, तिथे कोण उभा राहतो ते तुमचं तुम्ही बघा, असं मॅनेजरने कळवलं. तक्ता नोटीसबोर्डावर लागला. पैलवान आणि त्याच्यासारखे पाच-सहा जण बाहेर आले. पैलवान पॅकिंगमध्ये गुरुजींच्या जागी डाव्या हाताने लेबलं चिकटवू लागला. गुरुजी उजवीकडे वळले.

पहिली तुकडी पूर्ण महिना टिकली. टाळ्यांची ऊब होती. दुसऱ्या तुकडीत दोघांची पाठ दुखू लागली. तिसऱ्या तुकडीत एकाच्या घरी पाहुणे आले, एकाची आई आजारी पडली, तिघांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणली. तक्त्याला कोणीही नाही म्हणालं नाही, हे लक्षात घ्या. सगळ्यांचा त्यावर विश्वास होता. फक्त या महिन्यात जमत नव्हतं. रिकाम्या जागी कोणीतरी उभं राहायला हवं, नाहीतर जुन्यांना परत आत पाठवतील, म्हणून गुरुजी एक महिना थांबले. मग आणखी एक. वर्ष सरलं तेव्हा शिशाच्या खात्यात पुन्हा वीस माणसं कायमची झाली होती. नवीन भरती झालेली, ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं अशी एकोणीस, आणि गुरुजी.

आणि मी काय करत होतो? मी त्यांचं कौतुक करत होतो. दर सभेची सुरुवात त्यांच्या नावाने होई. गुरुजींसारखा माणूस होणे नाही. गुरुजी म्हणजे आपल्या कारखान्याचं भूषण. जो वक्ता चिठ्ठी आणून सुटला होता, तोच सगळ्यात भरून येऊन बोले. मला हळूहळू समजलं की हे कौतुक म्हणजे एक दार आहे आणि ते बाहेरून बंद करता येतं. ज्याला भूषण म्हटलं त्याच्याबरोबर धुळीत उभं राहावं लागत नाही.

संघटनेने त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. सन्मानचिन्ह तयार झालं. सत्काराच्या सकाळी काका मला स्टेजवर लावत असताना गुरुजींची बायको आली. अध्यक्षांनी पुढे होऊन म्हटलं, या वहिनी, पहिल्या रांगेत बसा. ती बसली नाही. मी चालू होतो, त्यामुळे तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"आधी भावाचा हात गेला, आता यांची बोटं थरथरतात. मला सत्कार नको. माणसं द्या."

अध्यक्ष म्हणाले, वहिनी, आज आनंदाचा दिवस आहे. ती मागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

गुरुजी स्टेजवर आले. मी त्यांच्या हातात गेलो आणि मला पैलवानाची आठवण झाली. अजून मनगट पडलं नव्हतं, पण त्या वाटेला लागलं होतं. श्वासाला धातूचा वास येत होता. त्यांनी सन्मानचिन्ह टेबलावर पालथं ठेवलं आणि खिशातून तोच तक्ता काढला. वर्षभर बोर्डावर होता, कडा फाटल्या होत्या. आणि ते वाचू लागले. हे त्यांचं तिसरं भाषण.

त्यात 'आपण' नव्हतं, 'तुम्ही' नव्हतं, हिशेब नव्हता, पैलवानाची बटणं नव्हती. फक्त कोणाची पाळी, कोणता महिना, आणि पुढे लाल पेन्सिलीने लिहिलेलं कारण. स्टोअरकीपर, फेब्रुवारी, पाठ. ड्रायव्हर, मार्च, घरी पाहुणे. फिटर, मार्च, चिठ्ठी. दुसरा फिटर, मार्च, चिठ्ठी. मधेच ते अडत. समोर बसलेल्या, वीस वर्षं ओळखीच्या माणसाचा चेहरा बघत आणि त्याचं नाव त्यांना आठवत नसे. ते दुःखाने नव्हतं, शिशाने होतं. लोकांना वाटलं गुरुजींचा कंठ दाटला. मागे कोणीतरी नाक शिंकरलं.

ते एप्रिलपर्यंत पोचले. एप्रिलच्या यादीत पहिलं नाव अध्यक्षांचं होतं. अध्यक्षांनी हसत हसत हात पुढे केला, जणू गुरुजींना आधार देत आहेत, आणि अंगठ्याने माझं बटण खाली केलं.

मी बंद झालो, पण बहिरा झालो नाही. गुरुजींना बटणाचं कळलंच नाही. ते वाचत राहिले, अध्यक्ष, एप्रिल, बैठका, असं सगळं, शेवटच्या नावापर्यंत. पण आता तो आवाज पहिल्या दोन रांगांपलीकडे जात नव्हता. मागच्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग भाषण संपलं असं समजून टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यात मला एकदाच वाटलं की आपल्याला आपल्या बळावर बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिशाच्या खात्याच्या दारात चार माणसं येऊन उभी राहिली. हे मला काकांनी सांगितलं, ते तेव्हा माझी तार गुंडाळत होते. पुढे खडूस होता. त्याने गुरुजींना सांगितलं, मी हात वर केला नव्हता, त्यामुळे माझ्यावर काही बंधन नाही, पण काल ते वाचन ऐकून मला झोप लागली नाही, तुम्ही घरी जा. गुरुजी गेले नाहीत. मग खडूसने त्यांच्या हातातलं घमेलं काढून घेतलं आणि त्यांना दाराबाहेर काढलं, अगदी ढकलून. उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्या, हात वर करणाऱ्या दोनशेहून अधिक माणसांपैकी तीन आले होते. चौथा तो होता, ज्याने हात वर केला नव्हता. ते चौघे पुढचे सहा महिने आळीपाळीने आत उभे राहिले. त्यांच्यामागून पाचवा आला नाही.

गुरुजी आजारपणाच्या रजेवर गेले. रजेच्या फाइलला त्यांचीही डॉक्टरांची चिठ्ठी लागली. त्या फाइलमधल्या सगळ्या चिठ्ठ्यांत तेवढी एकच खरी होती.

यंत्राचं काय झालं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला चुटपुट राहायला नको. बाहेरून माल घेणाऱ्या एका बड्या गिऱ्हाइकाचा तपासनीस कारखाना बघायला आला. त्याने ते दार उघडायला लावलं, उंबऱ्यावर उभा राहून नाकाला रुमाल लावला आणि परत जाऊन पत्र लिहिलं. अकरा दिवसांत यंत्र बसलं. अकरा. इतकी वर्षं जे वाटेत होतं ते अकरा दिवसांत पोचलं. हॉलवर फलक लागला की संघटनेच्या प्रदीर्घ लढ्याला यश. त्या समारंभात अध्यक्ष माझ्यावर पाऊण तास बोलले. मी मोजणं सोडून दिलं होतं.

त्यानंतर लवकरच बिनतारी माइक आला, चकचकीत. काका निवृत्त झाले. जाताना त्यांनी मला घरी नेऊ का म्हणून विचारलं होतं, पण संघटनेची वस्तू आहे म्हणून अध्यक्ष नाही म्हणाले. मला फाटकावर दिलं. आता वॉचमन माझ्यावरून गाड्या नीट रांगेत लावा म्हणून ओरडतो. माझ्या जाळीवर धूळ बसली आहे, पुसणारं कोणी नाही. कधीकधी समोरच्या रस्त्याने गुरुजी आणि पैलवान औषधाच्या दुकानाकडे जाताना दिसतात. गुरुजींची बायको मधे असते. नवऱ्याचा हात एका बाजूला, भावाचा दुसऱ्या. रस्ता ओलांडायचा असला की ती आधी दोन्हीकडे नीट बघते.

परवा पाळी बदलताना दोघे जण फाटकापाशी थांबले होते. एक जुना फिटर, तोच, मार्च, चिठ्ठी. दुसरा नवीन लागलेला. समोरून जाणाऱ्या गुरुजींकडे बोट दाखवून फिटर म्हणाला, "काय बोलायचा हा माणूस. अंगावर काटा यायचा. आम्ही सगळे उभे राहिलो होतो."

नव्याने विचारलं, कशावर बोलले होते?

फिटर विचारात पडला. खरंच विचार करत होता, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "माणुसकीवर काहीतरी. पण बोलले फार छान."

आणि ते दोघे आत गेले.

तर माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही इथवर माझं ऐकून घेतलंत. मीही काही कमी हुशारीने सांगितलेलं नाही. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून बटणं सांगितली, पटावं म्हणून आकडे सांगितले, विश्वास बसावा म्हणून स्वतःच्या उणिवाही लपवल्या नाहीत. इतकी वर्षं वक्त्यांच्या ओठांजवळ राहिलो, तेवढं तर शिकणारच. तुमच्याही घरात, गल्लीत, कामाच्या जागी एखादं बंद दार असेल, ज्यावरून जाताना तुमचा श्वास आपोआप रोखला जात असेल. ते कुठे आहे हे मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. आता हा कागद खाली ठेवाल तेव्हा मला शिव्या द्या, खोटारडा म्हणा, हा कोण सांगणारा म्हणा. फक्त छान सांगितलंस, असं म्हणू नका.